ओनोमिचीहून न आलेलं खोकं

१९ एप्रिल

नोरी,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याच्या दोन ओळी लिहायच्या असतात, त्या मी लिहिल्यात असं समज. आपल्या दरीत या दिवसांत काय फुलतं नि काय गळतं हे तुला पाठ आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. आलेलं पत्र न वाचता टाकून द्यायला तुझा हात धजणार नाही, एवढं वळण आईने तुला नक्की लावलंय.

आई बरी आहे. घाटापलीकडच्या त्याच शुश्रूषागृहात, खिडकीजवळच्या त्याच पलंगावर. बाबा खोलीत शिरले की हसते. मी शिरले की "या बाई कोण" असं बाबांना हळूच विचारते. पहिल्यांदा रडू आलं होतं, आता मी सरळ वाकून नमस्कार करते आणि नाव सांगते.

आता ज्यावरून तुमचं दोघांचं फाटलं, त्या गाडीबद्दल. नववर्षाला तू किल्ल्या तांदळाच्या डब्यात लपवल्यास, बाबांनी त्या हुडकून काढल्या आणि तुला काय काय बोलले ते मी परत लिहीत नाही. शाळेची बस चालवून गावच्या दोन पिढ्या मोठ्या केल्या, एक ओरखडा नाही, बिनअपघाताचं सोनेरी पट्टीचं लायसन आहे, आणि पोटचा पोर किल्ल्या चोरतो. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस म्हणाले, आणि तू चिकट तांदळाच्या मोचीचा वाडगा अर्धा टाकून स्टेशनवर गेलास. तेव्हापासून तू हाकोदातेत बोटींच्या तारा जोडत गप्प, ते इथे गप्प. दोघांचा मान सांभाळायला मी एकटी, आणि वर शाळेच्या स्वयंपाकघरातली पातेली आहेतच.

खरं सांगू का, तू गेल्यावर मला तुझाच राग आला होता. पण तू म्हणत होतास ते खोटं नव्हतं. बातम्यांत कुठल्याशा गावी म्हाताऱ्या माणसाची गाडी दुकानात घुसल्याचं दाखवायला लागले की बाबा वाहिनी बदलतात. ब्रेकच्या जागी दुसराच पेडल दाबला गेला, असंच दरवेळी असतं. मग मी भांडी आवाज करत घासते. रोज सकाळी ते आईकडे जायला निघाले की मी शाळेतून घड्याळाकडे बघत बसायची. घाटाच्या पायथ्याशी पोरं रस्त्याच्या कडेने चालत येतात, तुला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात गाडीच्या पुढच्या बंपरला पोचा दिसला. खाली माती होती आणि त्या मातीत फुलाची जांभळी पाकळी चिकटलेली. विचारलं तर म्हणाले, घाटात दगड आला. दगडाबरोबर पाकळी कशी येते हे विचारण्याची माझी छाती झाली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या पेल्याशेजारी वर्तमानपत्राचं एक कात्रण. चुकून जोरात पेडल दाबला गेला तरी गाडीला उसळू न देणारी छोटी पेटी मिळते म्हणे, जुन्या गाडीलाही बसते. बाबा पेपरमागून म्हणाले, "ही मागव. बसेपर्यंत गाडी उभी राहील."

तू असतास तर तुझ्याही हातातल्या जेवणाच्या काड्या पडल्या असत्या.

मोठ्या दुकानांनी हात वर केले. इतक्या जुन्या गाडीला जुळेल असं वायरिंग आम्ही ठेवत नाही म्हणाले. शेवटी फोनवर शोधता शोधता ओनोमिचीचा एक त्सुकिओका सापडला. एकट्या माणसाचं दुकान, समुद्रकाठी, गाड्यांची विजेची उपकरणं ऑनलाइन विकतो आणि जुन्या गाड्यांचं वायरिंग स्वतः हाताने जोडून देतो. मेच्या मध्यापर्यंत पाठवतो म्हणाला. ऑर्डर देऊन टाकली. तोवर बाबा बसने जातील, रविवारी मी गाडीने नेईन. बघू किती दिवस टिकतंय.

ताई


२ जून

नोरी,

पेटी आली नाही.

मेचा मध्य गेला, शेवट गेला. मी त्या त्सुकिओकाला जरा कडक निरोप लिहिला. कडक म्हणजे आपल्याकडचा कडक, "आपण कामात असाल याची कल्पना आहे, तरीही" वगैरे. तीन दिवसांनी ओनोमिचीहून पार्सल आलं. मी दारातच फोडलं. आत पेटी नाही. आत बारीक माशांच्या कुरकुरीत चकत्यांचा डबा, आणि एक चिठ्ठी. वायरिंगला वेळ लागतोय, आपल्या मातोश्रींची नि वडिलांची गैरसोय होत असेल, मान खाली घालून क्षमा मागतो. आईचं त्याला कोणी सांगितलं कोण जाणे, मीच ऑर्डर देताना काहीतरी लिहिलं असेन.

बाबांनी चकती तोंडात टाकली, डोळे मिटून चावली आणि म्हणाले, "ह्याची परतफेड करायला हवी."

मी म्हटलं, बाबा, तो आपला माल थकवून बसलाय. माफी म्हणून पाठवलंय. माफीची परतफेड कोण करतं? तर म्हणे, खाल्लं की नाही तू? खाल्लं. मग झालं तर. संध्याकाळी मी आपल्या घरच्या सोयाबीनच्या मिसोचं मडकं गुंडाळून, माल वेळेवर न देणाऱ्या माणसाला भेट पाठवायला टपाल कचेरीत उभी. रांगेत शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणाला पाठवतेस ग? काय सांगणार होते.

बसचं सांगते. बाबा बसने जातात. नवी बस कोण चालवतं माहीत आहे का? हागिवारा. तीच, जी शाळेच्या पहिल्या दिवशी बाबांच्या बसमध्ये ओकली होती आणि बाबांनी स्वतःच्या टोपीने पुसलं होतं. आता चाळिशीची बाई झाली, आवाज माझ्यासारखा खणखणीत. बाबा बरोबर तिच्या मागच्या सीटवर बसतात आणि प्रत्येक वळणाला सूचना देतात. पहिल्याच आठवड्यात तिने मला बाजारात गाठलं. "ताई, काकांना सांगा की बस मी चालवते. परवा मला म्हणाले, आता दुसऱ्या गिअरवर ये. गाडीला गिअरच नाहीत हो, आपोआप पडतात."

मी घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, ब्रेक उशिरा दाबते ती. नोरी दाबतो तसाच.

तुझं नाव घेतलं, लक्षात आलं ना? मी त्यांना आणखी भात वाढला.

ताई


२१ जुलै

नोरी,

पेटी अजून नाही. या वेळी लिंबाच्या साली घातलेल्या गोड वड्या आल्या. बदल्यात आम्ही सोबाच्या शेवया पाठवल्या. त्याच्या उत्तरादाखल वाळवलेली समुद्री पानं आली. मग बाबांनी जर्दाळूचं लोणचं माझ्याकडून बांधून घेतलं आणि चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिली, ब्रशने, शाई घोटून. मला दाखवली नाही. अशा वेगाने चाललं तर पेटी येईपर्यंत दोन्हीकडची घरं रिकामी होतील.

आणि आता एक सांगायचं आहे जे इथे कोणाला सांगता येत नाही. तुला सांगते, कारण तू उत्तर देत नाहीस.

मला ती पेटी यायला नको आहे.

बाबा बसला रुळलेत. सकाळची बस पकडायला लवकर उठतात, दाढी करतात. वाटेत चढणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्यांच्यासाठी काकड्या, शेंगा घेऊन येतात, ते आईकडे पोचतात तेव्हा दोन्ही हात भरलेले असतात. आईला वाटतं हा भाजीवाला आहे आणि मोठा प्रेमळ भाजीवाला आहे. मी शाळेत घड्याळाकडे बघत नाही. गेल्या महिन्यात भाताचं पातेलं करपवलं नाही. तुला हे छोटं वाटेल. मला किती दिवसांनी नीट झोप लागतेय हे मलाच सांगता येणार नाही.

पेटी आली की गाडी पुन्हा बाहेर निघणार. पेटी असली तरी निघणारे ते बाबाच. म्हणून मी एक काम केलं. त्सुकिओकाला गुपचूप निरोप पाठवला, की घाई करू नका, खरं तर जितकं सावकाश पाठवाल तितकं बरं, कारण विचारू नका. त्याचं उत्तर लगेच आलं: "कळलं. तुमचीही तीच इच्छा असेल तर माझा जीव भांड्यात पडला." मला वाटलं आणखी कुठलं गिऱ्हाईक असंच सांगून गेलं असेल. बिचाऱ्याला कामाचा ताण असणार.

आता घरात नाटक करावं लागतं. जेवताना मी म्हणते, काय हा माणूस, दोन महिने होऊन गेले, तक्रारच करते त्या ऑनलाइन कंपनीकडे. बाबा म्हणतात, हाताचं काम आहे, घाई करून कसं चालेल, चांगला माणूस आहे. मी आणखी चिडून दाखवते. ते आणखी त्याची बाजू घेतात. मग दोघंही लिंबाची वडी खातो.

ओबोनला, पितरांच्या सणाला, येशील का? आजोबांच्या थडग्यावरचं शेवाळ मी काढून ठेवते. तेवढं पाणी तू घाल.

ताई


२८ ऑगस्ट

नोरी,

आला नाहीस. मी वाट बघितली असं नाही, जेवणाचं पान जास्तीचं मांडलं होतं ते बाबांनी मांडलं होतं. उचललंही त्यांनीच.

तुझं पोस्टकार्ड मात्र मिळालं. एक ओळ, "गाडी कोण चालवतं?" बरोबर, तुला तेवढंच हवं असणार. तर ऐक. कोणी नाही. रविवारी मी. बाकी दिवस ती शेडमध्ये उभी असते आणि शेजारचं मांजर तिच्या टपावर झोपतं.

ताई


२४ सप्टेंबर

नोरी,

हे पत्र बसून वाच.

सगळं ठीक आहे, हे आधीच सांगते, कारण मी तुझ्या जागी असते तर पुढची ओळ वाचायच्या आधी चपला घालून निघाले असते. सगळे ठीक आहेत.

परवा वादळ येऊन गेलं. घाटात माती सरकली, रस्ता एकेरी केला आणि बस बंद ठेवली. दुपारी मला शाळेत शुश्रूषागृहातून फोन आला, आईला ताप चढलाय, कोणी येऊ शकेल का. मी घरी फोन केला, बाबांनी उचलला नाही. पुन्हा केला. मग कळलं की मला फोन करण्याआधी शुश्रूषागृहाने घरी केला होता. बाबांना सांगून झालं होतं.

सायकल कशी चालवली ते आठवत नाही. घरात शिरले तर दरवाजा उघडा, खिळ्यावर किल्ल्या नाहीत. मी शेडकडे धावले. नोरी, त्या बारा पावलांत मी काय काय बघितलं ते लिहीत नाही. घाट, ओली माती आणि शाळा सुटायची वेळ.

गाडी शेडमध्ये होती.

बाबा आत बसले होते. पट्टा लावलेला, दोन्ही हात चक्रावर, इंजिन बंद. किल्ली लावलेली पण फिरवलेली नव्हती. शर्ट घामाने भिजला होता. मी दार उघडलं तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणाले, "पाय कुठे जाईल सांगता येत नाही, हिसाए."

त्यांनी मग समोरच्या भिंतीशी बोलत सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये, शुश्रूषागृहाच्या आवारात गाडी लावताना ब्रेक दाबायला गेले आणि गाडीने उडी घेतली. कठड्यावरून फुलांच्या वाफ्यात. तू पाहिला आहेस तो वाफा, दक्षिणेकडच्या भिंतीपाशी, तिथे रोज सकाळी सगळ्यांच्या खुर्च्या उन्हात आणून ठेवतात. आईची पहिली असते. त्या दिवशी भुरभुर होती म्हणून कोणाला बाहेर आणलं नव्हतं. फक्त फुलं चिरडली. बाबांनी मोठ्या नर्सबाईंना सांगितलं, माफी मागितली, दुसऱ्या दिवशी जाऊन रोपं स्वतः लावली. बाई म्हणाल्या, फुलंच तर होती.

"फुलंच होती," बाबा म्हणाले. "पाऊस होता म्हणून फुलं होती."

मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि काय म्हणाले ठाऊक आहे? "तुला सांगितलं असतं तर तू नोरीला लिहिलं असतंस. तो म्हणाला असता, मी सांगत होतो."

मी म्हटलं, तो नसता म्हणाला. ते म्हणाले, मी त्याच्या जागी असतो तर म्हणालो असतो.

मग ते उतरले. पट्टा स्वतः सोडला, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले, दार उघडलं आणि बसले. आपल्या गाडीत बाबा डावीकडे. मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनाही सीट मागे कशी सरकवतात ते माहीत नव्हतं, गुडघे पुढे अडकत होते. मी चालवली. घाटात प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, पण ते गिअरबद्दल काही बोलले नाहीत. माती सरकली होती तिथे थांबून वाट बघावी लागली. तिथे त्यांनी खिशातून लिंबाची वडी काढून अर्धी मला दिली.

आईचा ताप संध्याकाळी उतरला. साधाच होता, ऋतूचा. तिने बाबांना विचारलं, आज भाजी नाही आणली?

घरी परतताना मला रस्त्यात गाडी कडेला घेऊन थांबावं लागलं, कारण डोळ्यांना दिसेना. एप्रिलपासून अंगात अडकलेलं काहीतरी मोकळं झालं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बराच वेळ बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

ताई


२६ सप्टेंबर

नोरी,

दोन दिवसांत दुसरं पत्र, पण हे मला एकटीला पोटात ठेवणं शक्य नाही.

काल दुपारी शाळेतून त्सुकिओका-सानना फोन केला. त्यांना आता मी मानाने हाक मारते, का ते कळेल. म्हटलं, ऑर्डर रद्द करायची आहे, वडील आता गाडी चालवणार नाहीत, आपल्याला इतके महिने त्रास झाला, माफ करा. पलीकडे एक लांब श्वास. मग म्हणाले, "त्यांनी स्वतः सांगितलं तुम्हाला?"

मी म्हटलं, काय?

पेटी जूनपासून तयार आहे, नोरी. ओनोमिचीत फळीवर, आपल्या नावाची चिठ्ठी लावून. वायरिंगला वेळ लागला हे मेपर्यंत खरं होतं. पण मी ऑर्डर दिली त्याच आठवड्यात बाबांनी त्यांना फोन केला होता. माझ्या कागदावरचा नंबर बघून. आईचं, वाफ्याचं, सगळं सांगितलं. एका परक्या माणसाला, ज्याचा चेहरा पाहिलेला नाही. आणि म्हणाले होते, पेटी पाठवू नका. पेटी आली तर मला पुन्हा चालवावी लागेल. नाही चालवणार असं मुलांसमोर तोंडाने म्हणता येत नाही. पेटीची वाट बघतोय असं म्हणता येतं.

मी विचारलं, मग तुम्ही सरळ नाही का म्हणाला नाहीत, माल नाही म्हणून?

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही दुसरीकडून मागवली असती," ते म्हणाले. "उशीर होतोय म्हटलं की माणूस वाट बघतो. मग जुलैत तुमचा निरोप आला. एकाच घरातून दोन माणसं, एकमेकांपासून चोरून, मला सांगतात पाठवू नका. पन्नाशी उलटली माझी, असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. कोणाची माफी मागायची तेच कळेना, म्हणून दोघांची मागत राहिलो."

मी पिठाच्या पोत्यांच्या खोलीत उभी होते. तिथेच पोत्यावर बसून हसले. इतकी हसले की आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाई चमचा घेऊन धावत आल्या. म्हणजे बाबा माझ्यासमोर त्या माणसाची बाजू घेऊन नाटक करत होते, मी त्यांच्यासमोर त्याला शिव्या घालून नाटक करत होते, आणि तो बिचारा समुद्रकाठी बसून दोघांना खाऊ पाठवत होता. तुला न चिडता हसता आलं तर बघ. तू किल्ल्या लपवल्यास, त्यांनी अख्खी पेटी लपवली. एकाच घरचे तुम्ही.

शेवटी म्हटलं, मग रद्द करा. तर म्हणाले, "रद्द नको. तुमच्या गाडीचंच वायरिंग आहे, दुसऱ्या कोणाला बसणार नाही. आता पाठवून देतो. इतके महिने फळीवर बघतोय, जायला हवं तिने तिच्या घरी."

मला माहीत झालंय हे बाबांना मी सांगितलेलं नाही. तूही सांगायचं नाहीस. त्यांना वाटू दे की ओनोमिचीत वायरिंग अवघड असतं.

ताई


२९ नोव्हेंबर

नोरी,

पर्सिमनची फळं सोलून झाली. व्हरांड्यात दोऱ्यांना वाळायला टांगलीयत, खालून जाताना डोकं वाकवावं लागतं. सोलायला या वेळी बाबाही बसले. हागिवारा बस उभी करून आत आली, चार सोलून गेली. बस उशिरा सुटली म्हणून पहिल्यांदाच बाबांनी तिला काही म्हटलं नाही.

गेल्या महिन्यात बाबांनी लायसन परत दिलं. त्यांनी आदल्या दिवशी केस कापून घेतले, कोट घातला. पोलीस ठाण्यातला पोरगा समोर आला तेव्हा मला वाटलं होतं मध्येच उठतील. नाही उठले. पोराने सोनेरी पट्टीवर छिद्र पाडून ते त्यांना आठवण म्हणून परत दिलं आणि उठून उभा राहून वाकला. म्हणाला, माझ्या आईला तुम्ही शाळेत नेत होतात. बाबा म्हणाले, आई खिडकीपाशी बसायची, खोडकर होती. बाहेर आल्यावर नाक शिंकरलं. थंडी होती, असं म्हणाले.

खोकं आलंय. एवढंसं आहे, दोन तळहातांत मावेल. या वेळी आत चिठ्ठी नव्हती, म्हणून आम्हाला दोघांनाही जरा चुकल्यासारखं झालं. बाबांनी पेटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "बसवून घे. गाडी आता तूच चालवणार. तुझंही वय होत चाललंय."

सत्तावन्न वर्षांची झाले म्हणून हे ऐकून घ्यावं लागतं. मी म्हटलं, ठीक आहे, पुढच्या आठवड्यात गॅरेजमध्ये नेते.

"गॅरेजमध्ये कशाला?" बाबा म्हणाले. "घरात आहे की एक. बोटींच्या तारा जोडतो, त्याला एवढीशी गाडी जड जाणार आहे?"

आणि सुरी घेऊन पुन्हा पर्सिमन सोलायला लागले, तेही सोललेलंच पर्सिमन.

मी उठून भात लावायला आत गेले. रविवारी गाडी मी माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने चालवते, त्यामुळे बाबांची किल्ली खिळ्यावर नाही हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तांदळाच्या डब्यात माप घातलं आणि मापाला काहीतरी टणक लागलं.

तू ठेवली होतीस त्याच कोपऱ्यात, नोरी. तशाच, जाड रुमालात गुंडाळून.

मी रुमाल हातात धरून व्हरांड्याच्या दारात उभी राहिले. बाबांनी वर बघितलं नाही.

"राहू दे तिथेच," ते म्हणाले. "ज्याने ठेवल्या होत्या तो येऊन काढेल. नववर्षाला भात लागतोच."

मी किल्ल्या परत ठेवल्या, वरून तांदूळ सारखे केले आणि झाकण लावलं. मोचीचे तांदूळ आत्ताच आणून ठेवते आहे. वाडगा पूर्ण संपवायचा, एवढीच अट आहे, आणि ती माझी.

ताई